दारामागचा स्टिकर आधी वाच

अगो बाय, मृगाआधी टायर बदलायचं ठरवलंस ते बरं केलंस. पण दुकानदार म्हणतो एक नंबर रुंद घ्या, गाडी रस्त्याला चिकटून बसते, आणि तुझ्या नवऱ्यालाही ते पटलंय म्हणतेस, तेव्हा हे फोनवर उरकण्यासारखं नाही. टायर म्हणजे पुरुषांचा विषय असं समजून आपण बायका दुकानाबाहेर गाडीतच बसून राहतो. भर पावसात मुलांना नि सासूबाईंना घेऊन डिचोलीहून पणजी गाठायची वेळ येते तेव्हा स्टिअरिंगवर मात्र तूच असतेस. मग साइज ठरवताना तुझा शब्द का नसावा?

पहिली गोष्ट, साइज दुकानात ठरवायचा नसतो. तो गाडीवरच लिहिलेला असतो. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघड. दार लावल्यावर त्याची कड जिथे टेकते त्या खांबावर एक स्टिकर असतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. टायरचा साइज आणि किती हवा भरायची, दोन्ही त्यावर असतं. तिथे नाही सापडलं तर गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढ, तेच ते डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं. सध्या गाडीला लावलेल्या टायरवर मात्र विसंबू नकोस. गाडी सेकंडहँड घेतलेली, आधीच्या मालकाने काय लावून ठेवलं असेल कोण जाणे.

आता तो साइज वाचायचा कसा ते सांगते. तुझ्या स्विफ्टला बहुतेक 165/80 आर 14 असेल, वरचं मॉडेल असलं तर 185/65 आर 15. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा टक्केवारी आहे, म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते. आर म्हणजे रेडियल. शेवटचा आकडा रिमचा व्यास, तो इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच, म्हणून माणूस गोंधळतो. घाबरू नकोस, गणित पाचवीचं आहे.

165 चे 80 टक्के म्हणजे 132. भिंत वर एक आणि खाली एक, म्हणून दुप्पट 264. चौदा इंच म्हणजे 355.6 मिलिमीटर. बेरीज झाली 619.6. आता वरच्या मॉडेलचं कर. 185 चे 65 टक्के 120.25, दुप्पट 240.5, पंधरा इंचांचे 381, मिळून 621.5. बघितलंस? रुंदी वाढली, रिम वाढली, तरी चाकाची एकूण उंची दोन मिलिमीटरसुद्धा बदलली नाही. कंपनीने भिंत आखूड करून हिशेब जुळवलाय. दुकानदार मात्र "165 च्या जागी 185 बसवून देतो" म्हणाला आणि बाकीचे आकडे तेच राहिले, तर 185/80 आर 14 ची उंची होते 651.6. म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त फरक. मग मीटरवर 60 दिसेल तेव्हा गाडी खरी धावत असेल 63 ने. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला घासू शकतो, आणि सगळी माणसं बसून गाडी खड्ड्यात आपटली की जास्तच. तेव्हा "एक नंबर रुंद" हे वाक्य ऐकलंस की लगेच विचार, "भिंत किती? एकूण उंची किती?" उत्तर देताना जो अडखळेल त्याच्याकडून टायर घेऊ नकोस.

त्या ओळीच्या शेवटी आणखी एक आकडा आणि एक अक्षर असतं, 85 टी असं काहीतरी. ते कोणी वाचत नाही, आणि कुटुंबाच्या गाडीला महत्त्वाचं तेच. 85 म्हणजे एका टायरला 515 किलोचा भार पेलतो. 82 असेल तर 475, 88 असेल तर 560. चवथीला तुमच्या गाडीचं काय होतं ते मी बघते ना! पाच माणसं, डिकीत पिशव्या, मांडीवर माटोळीचं सामान, पायाशी नारळ. आणि हे सगळं नेमकं ऐन पावसात. भाराचा आकडा स्टिकरवरच्यापेक्षा जास्त चालेल, कमी कधीच घ्यायचा नाही. अक्षराचंही तेच. एस म्हणजे ताशी 180 किलोमीटर, टी म्हणजे 190, एच म्हणजे 210. कोण जातंय त्या वेगाने, असं म्हणशील. पण उन्हात तापलेल्या रस्त्यावर भरलेली गाडी लांबवर नेताना टायर किती उष्णता सोसेल याचाही अंदाज त्या अक्षरातून येतो. म्हणून तेही खालचं नको.

आता खरा मुद्दा, आपला पाऊस. पण तो समजायला आधी बर्फाकडे बघू. मॉन्ट्रियलच्या आपल्या मावसबहिणीकडे वर्षातून दोनदा टायर बदलतात. क्युबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर लावणं कायद्यानेच सक्तीचं आहे. पारा साधारण 7 अंशांच्या खाली गेला की नेहमीच्या टायरचं रबर कडक होतं, म्हणून तिकडचं हिवाळी रबर मऊ असतं आणि टायरवर डोंगर नि त्यात हिमकण असं चिन्ह असतं. तिकडचे जाणकार हिवाळ्यासाठी बऱ्याचदा एक इंच लहान रिम आणि थोडा अरुंद, उंच भिंतीचा टायर घ्यायला सांगतात. अर्थात कंपनीने चालतो म्हटलेल्या साइजांपैकीच. अरुंद टायर बर्फाचा चिखल कापत खाली रस्त्यापर्यंत पोचतो, रुंद टायर त्यावर तरंगतो. डिचोलीत जानेवारीच्या पहाटे शाल लागते, पण 7 अंश काही आपल्या नशिबी नाहीत, तेव्हा ते मऊ रबर आपल्याकडे उन्हात भराभर झिजून जाईल. उगाच कोणी "इम्पोर्टेड विंटर टायर" म्हणून गळ्यात मारत असेल तर घेऊ नकोस. एसयूव्हीच्या टायरवर एम प्लस एस असं लिहिलेलं असतं, त्यालाही भुलू नकोस. ती अक्षरं कंपनी स्वतःच छापते, त्यामागे बर्फावरची परीक्षा नसते.

रबर त्यांचं त्यांना लखलाभ, पण अरुंद-रुंदचा धडा आपल्याला चपखल लागू पडतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. कोलवाळचा पूल ओलांडून धारगळकडे निघालीस की रस्ता मोकळा, पाय आपोआप दाबला जातो. अटल सेतूवरही तेच. अशा वेळी रस्त्यावर पाण्याचा थर असला तर टायरच्या खाचांनी ते पाणी बाजूला फेकायला हवं. फेकता आलं नाही की टायर पाण्यावर चढतो, रस्त्याला टेकतच नाही. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. टायर जितका रुंद तितकं जास्त पाणी त्याला फेकावं लागतं. म्हणून रुंद टायर पावसात जास्त पकड देतो हा समज उलटा आहे. कोरड्या रस्त्यावर, वळणावर, रुंद टायर थोडा सरस ठरतो, हे मी नाकारत नाही. पण तुला काय मोप्याच्या विमानतळाच्या रस्त्यावर शर्यत लावायची आहे?

तसं झालंच कधी, स्टिअरिंग हलकं लागलंच, तर ब्रेक मारू नकोस, झटक्याने वळवू नकोस. एक्सिलरेटरवरचा पाय अलगद काढ आणि स्टिअरिंग सरळ धर. वेग उतरला की टायर पुन्हा रस्ता पकडतो.

त्यात तुमच्या भागात आणखी एक भर आहे. खनिजाचे ट्रक पुन्हा धावू लागलेत. डिचोली-साखळी पट्ट्यात रस्त्यावर लाल धूळ बसते, पहिल्या सरी आल्या की त्याचा लाल रेंदा होतो, आणि त्यावर गाडी तव्यावरच्या लोण्यासारखी सरकते. पहिले आठ-दहा दिवस तर कुठलाच टायर भरवशाचा समजू नकोस, वेगच कमी ठेव. पुढे खड्डे सुरू होतात. उंच भिंतीचा टायर खड्ड्याचा मार स्वतः सोसतो. आखूड भिंतीचा असला तर मार थेट रिमला बसतो, रिम वाकते नाहीतर टायरच्या बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो टाकूनच द्यायचा. तेव्हा माझं सांगणं असं, की तुझ्या मॉडेलला पुस्तकात दोन साइज दिलेले असतील तर आपल्या रस्त्यांना अरुंद आणि उंच भिंतीचाच घे. तो स्वस्तही पडतो. पण एक लक्षात ठेव, 14 चा टायर 15 च्या रिमवर बसत नाही. आज गाडीला 15 ची रिम असेल तर केवळ या हौसेपायी चार रिमा बदलत बसू नकोस. आहे तोच कंपनीचा साइज ठेव. पुस्तकाबाहेरचा मात्र कुठलाच नको. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर निकाल देताना, कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाहीत असं स्पष्ट केलंय. उद्या अपघात झालाच तर विमावाल्यांना बोट दाखवायला जागा का द्यावी?

रुंद टायरचे वाचलेले पैसे कुठे घालायचे ते आता ऐक. एक, ताजा टायर घे. टायरच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोध. तिच्या शेवटी चार आकडे असतात. 2224 असेल तर 2024 सालच्या बाविसाव्या आठवड्यात बनलेला. पूर्ण ओळ एकाच बाजूला असते, म्हणून टायर रिमवर चढवायच्या आधीच बघ, नंतर ती आतल्या बाजूला गेली तर गाडीखाली लोळावं लागेल. गोदामात दोन-तीन वर्षं पडलेला माल "नवा कोरा" म्हणून खपवतात, आणि मे महिन्यात गर्दी असली की कोणी विचारतही नाही. आयएसआयचा शिक्काही बघून घे.

दोन, झीज. नव्या टायरची नक्षी सात-आठ मिलिमीटर खोल असते. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, कडेला त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतं तिथे बघ. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली म्हणजे 1.6 मिलिमीटर उरली, कायद्याची हद्द तिथेच संपते. पण आपल्या पावसात तिथवर थांबायचं नाही. 3 मिलिमीटर उरली की बदलायचा. घासलेला टायर कितीही योग्य साइजचा असो, पाणी फेकायला त्याच्याकडे खाचच उरलेली नसते.

तीन, चारही एकदम घ्यायला पैसे नसतील तर दोन घे, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. आणि ते मागे लाव. हो, मागेच. गॅरेजवाला म्हणेल, "मॅडम, गाडी पुढच्या चाकांवर ओढते, नवे पुढे घालूया." टायर बनवणाऱ्या कंपन्याच मागे लावा म्हणून सांगतात. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, पाय काढला की सावरते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरणं तुझ्या-माझ्यासारख्यांचं काम नाही. फक्त आधी पुढे राहणारे जुने टायर 3 मिलिमीटरच्या वर आहेत ना ते मोजून घे. नसतील तर गळ्यातल्या दागिन्याची हौस पुढे ढकल आणि चारही घे.

चार, टायर बसवले की बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट तिथल्या तिथे करून घे. अलाइनमेंट चुकलेली असेल तर नवा टायर एका कडेने खरवडल्यासारखा झिजतो आणि वर्षभरात पैसे पाण्यात. जुना व्हॉल्व्ह ठेवू नकोस, नवा घाल, त्याला फारसे पैसे पडत नाहीत.

पाच, हवा. पंधरवड्यातून एकदा, सकाळी गाडी थंड असताना, स्टिकरवर जितकी लिहिलीय तितकी. भरलेल्या गाडीसाठी बऱ्याचदा वेगळा आकडा दिलेला असतो, माहेरी पेडण्याला सगळे मिळून निघालात की तो धर. "पावसात हवा थोडी कमी ठेवा, पकड चांगली येते" असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. हवा कमी असली की टायर पाण्यावर लवकर चढतो. स्टेपनीतलीही हवा बघायची, ती आपण विसरतोच. काही गाड्यांची स्टेपनी बाकीच्या चाकांपेक्षा लहान असते आणि तिच्यावर ताशी 80 ची मर्यादा लिहिलेली असते. ती लावून चोर्ला घाट चढायला निघायचं नाही, पंक्चर काढून पहिलं चाक परत बसवायचं.

नवरा रुसेल का? रुसू दे की दोन दिवस. त्याला भांडून सांगू नकोस, कागद-पेन्सिल घेऊन ते 619 आणि 651 चं गणित त्याच्याकडूनच करवून घे. आकडा स्वतः काढला की माणूस हट्ट सोडतो, आणि पुढे चार मित्रांना तोच ऐटीत सांगत सुटतो. मग दोघं मिळून म्हापशाला जा, पण शुक्रवारच्या बाजाराच्या दिवशी नको, गाडी लावायला जागा मिळायची नाही. आणि निघण्याआधी त्या स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढ, मलाही पाठव. भाव दोन-तीन ठिकाणी विचारू, साइज मात्र कोणालाच विचारायचा नाही.