चॉकलेट-कॅरमल टार्ट : एका पदार्थातून शिकूया भौतिक आणि रासायनिक बदल



'भौतिक बदल व रासायनिक बदल' हा घटक शिकवताना आपण नेहमी दोन उदाहरणं देतो. बर्फ वितळतो आणि कागद जळतो. मुलं ती पाठ करतात, पेपरात लिहितातही. पण 'तिसरं उदाहरण सांग' म्हटलं की गाडी अडते. म्हणून आज असा एक पदार्थ पाहूया, ज्यात हे दोन्ही बदल एकापाठोपाठ डोळ्यांसमोर घडतात. सुट्टीच्या दिवशी मुलांना सोबत घेऊन करा. विज्ञान होईल, थोडं गणित होईल आणि शेवटी खायलाही मिळेल.

टार्ट म्हणजे काय?

करंजीत सारण आत बंद असतं, तर टार्टमध्ये ते उघडं असतं. खाली खुसखुशीत पारी, तिच्यावर कॅरमलचा थर आणि सगळ्यात वर चॉकलेटचा थर. टार्ट हा प्रकार फ्रान्समध्ये फार लोकप्रिय आहे. कॅरमलमध्ये चिमूटभर मीठ घालण्याची आवडही तिथल्याच ब्रिटनी प्रांतातून जगभर पोहोचली. जुन्या काळी फ्रान्समध्ये मिठावर मोठा कर होता, पण ब्रिटनीला त्यातून सूट होती. त्यामुळे तिथे खारवलेलं बटर वापरायची सवय टिकली आणि पुढे तेच बटर कॅरमलमध्ये गेलं.

साहित्य (२३ सेंमी व्यासाचा साचा, ८ ते १० तुकडे)

पारीसाठी : मैदा १७५ ग्रॅम, थंड बटर १०० ग्रॅम, पिठीसाखर ४० ग्रॅम, थंड पाणी २ ते ३ चमचे.
कॅरमलसाठी : साखर १५० ग्रॅम, पाणी ३ मोठे चमचे, लिंबाच्या रसाचे २-३ थेंब, बटर ६० ग्रॅम, फ्रेश क्रीम १०० मिली, मीठ पाव चमचा.
चॉकलेटच्या थरासाठी : डार्क चॉकलेट २०० ग्रॅम, फ्रेश क्रीम १५० मिली.

दोन सूचना. आपल्याकडचं नेहमीचं पिवळं बटर खारट असतं. ते वापरलं तर वरून मीठ घालू नका. आणि चॉकलेट घेताना मुलांना वेष्टनावरचे घटक मोठ्याने वाचायला सांगा. 'कोको बटर' लिहिलेलं असेल तर ते खरं चॉकलेट. त्याऐवजी वनस्पती तेल असेल तर ते कंपाउंड. कंपाउंड स्वस्त पडतं, पण जिभेवर तसं विरघळत नाही.

भाग १ : पारी

१. मैदा, पिठीसाखर आणि बटरचे तुकडे बोटांच्या टोकांनी चोळा. मिश्रण रव्यासारखं दिसलं पाहिजे. शंकरपाळ्यांना मोहन चोळतो ना, अगदी तसंच.
२. थंड पाणी घालून गोळा फक्त गोळा करून घ्या. कणकेसारखं मळू नका. मळलं की मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि पारी चिवट होते.
३. गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. मग भाकरीएवढा जाड लाटून साच्यात बसवा आणि काट्याने टोचे मारा.
४. वर बटर पेपर टाकून त्यात राजमा किंवा तांदूळ भरा. त्या वजनाने पारी फुगत नाही. १८० अंश सेल्सिअसला १५ मिनिटं भाजा. मग कागद-राजमा काढून आणखी १० ते १२ मिनिटं, बदामी रंग येईपर्यंत भाजा.

ओव्हन नसेल तर २०० ग्रॅम मारी बिस्किटांचा चुरा आणि १०० ग्रॅम वितळलेलं बटर एकत्र करून साच्यात दाबून बसवा आणि फ्रिजमध्ये घट्ट करा.

काय घडलं? भाजलेल्या पारीचा परत मैदा करता येत नाही. म्हणजे हा रासायनिक बदल.

भाग २ : कॅरमल (हा भाग मोठ्यांनीच करायचा)

१. जाड बुडाच्या, खोल पातेल्यात साखर, पाणी आणि लिंबाचा रस घ्या. मंद आचेवर साखर विरघळू द्या.
२. उकळी आली की चमचा घालू नका. ढवळलं तर पाकात परत साखरेचे कण धरतात. गरज वाटली तर पातेलं फक्त हलकेच फिरवा. लिंबाने साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये मोडतो, म्हणून कण धरायला अडथळा येतो. गुलाबजामच्या पाकात आजी लिंबू पिळायची त्यामागे हेच कारण.
३. आता रंग पाहा. आधी पाणी, मग फिकट पिवळा, मग मधासारखा, मग कोऱ्या चहासारखा तांबूस. इथे लगेच गॅस बंद करा. पातेलं गरम असल्यामुळे रंग पुढे जातच राहतो, म्हणून थांबून चालत नाही.
४. बटर घाला आणि कोमट केलेलं क्रीम थोडं थोडं ओता. मिश्रण फसफसून वर येईल, म्हणून पातेलं खोल हवं. ढवळून मंद आचेवर २ मिनिटं ठेवा, मीठ घाला. कोमट झालं की पारीत ओता आणि फ्रिजमध्ये ठेवा.

काय घडलं? इथे दोन बदल आहेत. साखर पाण्यात विरघळली, तो भौतिक बदल. तेव्हाच पाणी आटवलं असतं तर साखर परत मिळाली असती. पाणी असेपर्यंत तापमान १०० अंशांच्या थोडंच वर असतं. पाणी उडत जातं तसं ते चढतं. साखरेच्या चिक्कीचा कडक पाक साधारण १५० अंशांजवळ होतो. १६० ते १७० अंशांच्या पुढे साखरेचे रेणूच मोडू लागतात आणि नवे पदार्थ तयार होतात. रंग, वास, किंचित कडू चव हे सगळं त्यांचंच. आता काही केलं तरी पांढरी साखर परत मिळणार नाही. आणखी अर्धा मिनिट गेला तर पाक करपतो, त्यालाही उपाय नाही. टाकून नव्यानेच सुरुवात करावी लागते.

महत्त्वाची सूचना : कॅरमल उकळत्या पाण्यापेक्षा बरंच जास्त गरम असतं आणि कातडीला चिकटून बसतं. मुलांना ओट्यापासून हातभर लांब उभं करा आणि चाखण्यासाठी बोट घालू देऊ नका. भाजलंच तर लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. फोड मोठा असेल किंवा लहान मूल असेल तर डॉक्टरांकडे न्या.

भाग ३ : चॉकलेट

चॉकलेट बारीक चिरा. क्रीम कडेने बुडबुडे येईपर्यंत गरम करून त्यावर ओता. दोन मिनिटं हात लावू नका. मग मधून बाहेर असं हळूहळू ढवळा. मिश्रण फाटल्यासारखं दिसलं तर चमचाभर कोमट दूध घालून पुन्हा ढवळा. गार कॅरमलवर ओता आणि ३-४ तास फ्रिजमध्ये ठेवा. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या.

काय घडलं? चॉकलेट वितळलं आणि गार झाल्यावर परत घट्ट झालं. हा भौतिक बदल. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं आणि आपल्या तोंडाचं तापमान ३७ अंशांच्या आसपास. म्हणूनच चॉकलेट हातात टिकतं आणि तोंडात वितळतं.

भाषेकडेही लक्ष द्या

बोलताना आपण 'वितळणे' आणि 'विरघळणे' यांची सरमिसळ करतो. मी वर 'जिभेवर विरघळत नाही' लिहिलंय, तेही बोलण्यातलंच. विज्ञानाच्या भाषेत बटर उष्णतेने वितळतं आणि साखर पाण्यात विरघळते. मुलांकडून दोन्ही शब्दांची तीन-तीन वाक्यं करून घ्या.

स्वाध्याय

१. पारी, पाक, कॅरमल, चॉकलेट यांतले बदल भौतिक की रासायनिक ते कारणासह लिहा.
२. २५० मिली क्रीमपैकी १५० मिली चॉकलेटमध्ये गेलं, तर ते शेकडा किती?
३. साचा २३ ऐवजी २० सेंमी व्यासाचा असेल तर साहित्य किती घ्याल? (इशारा : २० × २० आणि २३ × २३ यांची तुलना करा. उत्तर पाऊणपटीच्या जवळ येईल.)
४. तुमच्या स्वयंपाकघरातले 'परत न फिरणारे' पाच बदल शोधा.

चौथा प्रश्न जरूर विचारा. चॉकलेट जास्त घट्ट झालं तर पुन्हा गरम करता येतं, कॅरमलचं तसं नाही. जो बदल मागे फिरवता येत नाही, तिथे लक्ष जास्त द्यायचं. हे मुलांना पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा पातेल्यातला रंग पाहून लवकर कळतं.

करून पाहा आणि मुलांनी कोणती उदाहरणं शोधली ते नक्की कळवा.