स्टेरॉईडची सुई : तारक केव्हा, मारक केव्हा?

पुणे-अहिल्यानगर महामार्गावरील कारेगाव हे शिरूर तालुक्यातील गाव रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीला लागून वसले आहे. पर्जन्यछायेच्या प्रदेशातील या परिसरात शेतकरी व शेतमजूर यांच्या जोडीने राज्याच्या आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले कामगार मोठ्या संख्येने राहतात. जेथे एका दिवसाचा खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे, तेथे दुखणे अंगावर काढण्याची आणि ते असह्य झाले की "एक सुई द्या, उद्या कामावर जायचे आहे" अशी मागणी करण्याची प्रवृत्ती बळावणे स्वाभाविक आहे. ही मागणी चटकन पूर्ण करू शकणाऱ्या औषधांमध्ये स्टेरॉईडच्या इंजेक्शनांचा क्रमांक वरचा लागतो. म्हणूनच या औषधांचे गुण आणि दोष सामान्य नागरिकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

शोधाची कथा

मूत्रपिंडांच्या वरच्या टोकाला टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. या ग्रंथींतून स्रवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तदाब आणि रक्तातील साखर यांचा तोल सांभाळते व आजारपण, अपघात, शस्त्रक्रिया अशा प्रसंगी शरीराला तग धरण्याचे बळ देते. याच जातीची औषधे म्हणजे स्टेरॉईड. शरीर पिळदार व्हावे म्हणून काही व्यायामपटू घेतात ती स्टेरॉईड निराळी. त्यांच्याशी या औषधांची गल्लत करू नये.

सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी सांधेवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोनची इंजेक्शने दिली. थोड्याच दिवसांत ती रुग्णा चालू लागली. या संशोधनासाठी हेंच, केंडॉल व राइखश्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु औषध थांबविताच दुखणे परत येते आणि ते दीर्घकाळ चालू ठेवल्यास चेहरा सुजणे, मन अस्थिर होणे अशा नव्या व्याधी जडतात, हेही लवकरच दिसून आले. म्हणजे या औषधाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा यांची ओळख जगाला जवळजवळ एकाच वेळी झाली.

आराम कशामुळे वाटतो?

शरीरात जंतू शिरले किंवा एखादा अवयव दुखावला, की तेथे रक्तपुरवठा वाढतो, सूज येते, वेदना होते, ताप चढतो. ही शरीराची संरक्षणव्यवस्था होय. स्टेरॉईड ही व्यवस्थाच शिथिल करते. साहजिकच सूज ओसरते, ताप उतरतो, भूक लागते आणि हुशारी वाटते. मात्र जंतू मेलेले नसतात, झिजलेला सांधा भरून आलेला नसतो. घराला आग लागली असता धोक्याची घंटा बंद केल्याने शांतता होते, आग विझत नाही. तसाच हा प्रकार आहे.

मात्रेचाही विचार करावयास हवा. डेक्सामेथासोन या औषधाच्या दोन मिलिलिटरच्या नेहमीच्या कुपीत आठ मिलिग्रॅम औषध असते. निरोगी शरीर दिवसभरात जेवढे संप्रेरक तयार करते, त्याच्या साधारण दहापट हे सामर्थ्य भरते आणि त्याचा परिणाम दीड-दोन दिवस टिकतो. दुसऱ्या दिवशी कामावर जाता येते ते यामुळे; पण त्या दीड-दोन दिवसांत न्यूमोनिया किंवा क्षयरोग यांसारखा मूळ आजार मात्र आतल्या आत वाढू शकतो.

जीवरक्षक उपयोग

या कारणास्तव स्टेरॉईडला सरसकट विष ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. दम्याचा तीव्र झटका, मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग, मेंदूतील गाठीभोवतीची सूज, अधिवृक्क ग्रंथी निकामी होणे अशा अनेक प्रसंगी ही औषधे रुग्णाला मृत्यूच्या दारातून परत आणतात.

यांतील सर्वांत मोलाचा उपयोग माता व बालकांच्या बाबतीत आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे पक्व झालेली नसतात. १९७२ मध्ये न्यूझीलंडमधील डॉ. लिगिन्स व डॉ. हॉवी यांनी असे दाखवून दिले, की प्रसूतीपूर्वी मातेला स्टेरॉईडची इंजेक्शने दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. भारतासारख्या देशांत हा उपाय कितपत लागू पडतो, याची परीक्षा जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने पाच देशांत झाली. त्यांत बेळगाव येथील संशोधकांचाही सहभाग होता. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषध न दिलेल्या गटात शंभरांपैकी सुमारे २३.५ नवजात बालके दगावली, तर औषध दिलेल्या गटात हे प्रमाण १९.६ पर्यंत खाली आले.

केंद्र शासनाने २०१४ मध्येच यासंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. गर्भारपणाच्या २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान वेळेपूर्वी कळा सुरू झाल्यास डेक्सामेथासोनची सहा मिलिग्रॅमची चार इंजेक्शने बारा-बारा तासांच्या अंतराने द्यावीत आणि मोठ्या रुग्णालयात पाठविण्यापूर्वी पहिली मात्रा आरोग्यसेविकेनेही द्यावी, असे त्यांत नमूद आहे. यासाठी गर्भारपणाचे दिवस अचूक माहीत असणे आवश्यक असते. गरोदर स्त्रीची नोंदणी पहिल्या तीन महिन्यांत व्हावी असा आग्रह धरण्यात येतो, त्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

कोविडने दिलेला धडा

एकच औषध तारक आणि मारक कसे ठरते, हे कोविडच्या साथीत स्पष्ट झाले. जून २०२० मध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांमधील मृत्यूचे प्रमाण रोज सहा मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिल्याने ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. प्राणवायू द्यावा लागणाऱ्या रुग्णांनाही लाभ झाला. मात्र ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना कोणताही लाभ झाला नाही. उलट अपाय होण्याची शक्यता दिसली.

या निष्कर्षाचा पहिला अर्धा भाग सर्वत्र पोचला, दुसरा अर्धा वाटेतच राहिला. सौम्य आजारात, फार लवकर किंवा फार मोठ्या मात्रेत स्टेरॉईड घेतले गेले. २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेच्या वेळी म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाने थैमान घातले, त्यात महाराष्ट्राला मोठी झळ बसली. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉईडचा अवाजवी वापर ही त्याची प्रमुख कारणे मानण्यात येतात. कित्येकांना डोळा किंवा जबड्याचा भाग गमवावा लागला. त्याच वर्षी मुंबईतील डॉक्टरांनी कोविडसाठी स्टेरॉईड घेतलेल्या तीन रुग्णांत खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा खंडित होऊन ते हाड निर्जीव झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली.

सांध्यातील सुई

गुडघे वा खांदे दुखत असल्यास तज्ज्ञ डॉक्टर थेट सांध्यात स्टेरॉईडचे इंजेक्शन देतात. आखडलेला खांदा किंवा सुजलेला सांधा यांना त्यामुळे काही आठवडे चांगला आराम मिळतो. पण तो वारंवार घ्यावयाचा उपाय नव्हे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात गुडघ्याची झीज झालेल्या १४० रुग्णांपैकी निम्म्यांना दोन वर्षे दर बारा आठवड्यांनी असे इंजेक्शन देण्यात आले. त्यांच्या गुडघ्यातील कूर्चा इतरांपेक्षा अधिक झिजली आणि वेदनेत मात्र फरक पडला नाही. मधुमेही व्यक्तीच्या रक्तातील साखर अशा एका इंजेक्शनानेही काही दिवस वाढते. जंतुसंसर्ग झालेल्या सांध्यात तर हे इंजेक्शन देऊच नये.

दुष्परिणाम

स्टेरॉईडचा वापर वारंवार किंवा दीर्घकाळ झाल्यास मधुमेह व रक्तदाब वाढतो, चेहरा गोल होतो, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर होतो, झोप उडते आणि दबलेला क्षयरोग उफाळून येतो. सुई टोचलेल्या जागी कातडी पातळ होऊन पांढरा डाग पडू शकतो. वेदनाशामक गोळ्यांच्या जोडीने घेतल्यास जठरात व्रण होऊन रक्तस्राव होण्याचे भय असते.

सर्वांत गंभीर गोष्ट अशी, की बाहेरून स्टेरॉईड मिळत राहिले की अधिवृक्क ग्रंथी आपले काम थांबवितात. काही आठवडे सतत घेतलेले औषध एकाएकी बंद केल्यास रक्तदाब कोसळून रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून असे औषध स्वतःच्या मनाने सुरू करू नये, तसेच स्वतःच्या मनाने बंदही करू नये. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावे लागते.

जेथे ही सुई उपयोगाची नाही

विंचू चावल्यावर पूर्वी स्टेरॉईडची इंजेक्शने देण्याचा प्रघात होता. रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तांबड्या विंचवाच्या दंशाचा चिकाटीने अभ्यास केला. त्याचे विष हृदय व रक्ताभिसरणावर आघात करते आणि त्यावर प्राझोसिन हे औषध गुणकारी ठरते, हे त्यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले. ग्रामीण भागात झालेल्या या संशोधनाने असंख्य प्राण वाचले. रोगाची प्रक्रिया ओळखून दिलेले साधे औषध, प्रघात म्हणून दिलेल्या जालीम औषधाहून श्रेष्ठ असते, हाच त्याचा बोध आहे. याचप्रमाणे सर्पदंशात प्रतिसर्पविषाची आणि तीव्र ॲलर्जीत ॲड्रेनलिनची जागा स्टेरॉईड घेऊ शकत नाही.

नागरिकांनी काय करावे?

स्टेरॉईड ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळावयाची औषधे आहेत. इंजेक्शन घेण्यापूर्वी त्याचे नाव विचारावे आणि ते चिठ्ठीवर लिहून घ्यावे. मधुमेह, रक्तदाब, पूर्वी झालेला क्षयरोग, गर्भारपण यांची माहिती डॉक्टरांना आपण होऊन द्यावी. यापूर्वी अशी इंजेक्शने केव्हा व किती घेतली, हेही सांगावे. गोळीपेक्षा सुई अधिक गुणकारी, हा समज सोडून द्यावा. रुग्ण गिळू शकत असेल तर दम्याच्या झटक्यातही स्टेरॉईडची गोळी इंजेक्शनाइतकीच उपयोगी पडते. ताप तीन दिवसांहून अधिक टिकल्यास किंवा खोकला दोन आठवड्यांहून अधिक राहिल्यास तपासणी करून घ्यावी. शासकीय आरोग्य केंद्रांत क्षयरोगाची तपासणी व उपचार विनामूल्य होतात. आणीबाणीच्या प्रसंगी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

कारेगावच्या कामगाराला दुसऱ्या दिवशी कामावर जावयाचे असते, ही त्याची अडचण खरी आहे. परंतु त्याला उद्याप्रमाणेच पुढील वीस-पंचवीस वर्षेही कामावर जावयाचे आहे. योग्य रुग्णाला, योग्य वेळी, योग्य मात्रेत दिलेली स्टेरॉईडची सुई ही आधुनिक वैद्यकाची मोठी देणगी होय. ती आजच्या खाड्यावरचा उतारा म्हणून वापरली गेली, तर त्याची किंमत उद्याच्या आरोग्याने मोजावी लागते.