बेचाळीस की चोवीस?

अगं, परवा मी पोशेऱ्याला आले तेव्हा तू पाण्याला गेली होतीस आणि तुझा लेक ओट्यावर फोन घेऊन बसला होता. तू मोठ्या हौसेनं फोनमध्ये टाकलेलं पाढ्यांचं अ‍ॅप उघडून. मी गुपचूप मागे जाऊन बसले. पडद्यावर आलं, सात गुणिले सहा. त्यानं ओठ हलवले आणि 24 दाबलं. लाल फुली, कर्कश आवाज, तीन बदामांतला एक फुटला. मग सात गुणिले सात. त्यानं 59 दाबलं. दुसरा बदाम गेला. तिसरा गेल्यावर खेळ संपला आणि पत्त्यांच्या कुठल्याशा पैसे लावायच्या खेळाची जाहिरात सुरू झाली. तिसरीतल्या पोरापुढे! त्यानं फोन पालथा ठेवला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मावशी, मला पाढे येत नाहीत."

मी विचारलं, सात सक? "बेचाळीस." सात साती? "एकोणपन्नास." आठ साती? "छप्पन्न." एकदाही अडला नाही. मग हातात काडी दिली आणि म्हटलं, बेचाळीस लिही बघू मातीत. त्यानं 24 लिहिलं.

पाढा पाठ आहे गं त्याचा. अडतंय ते लिहिण्यात. आपण बेचाळीस म्हणतो तेव्हा 'बे' आधी येतो नि चाळीस मागून. लिहिताना मात्र चार आधी. पोर जसं ऐकतं तसं लिहितं. एकोणपन्नासचं तर आणखी अवघड. कानाला पन्नास ऐकू येतं, म्हणून त्यानं पाच लिहिला आणि पुढे नऊ. त्याच्या परीनं त्यानं नीट विचारच केला होता. आपली घरची बोली वेगळी, शाळेतली मराठी वेगळी, त्यात हे उलटे आकडे. आणि ते अ‍ॅप त्याला फक्त एवढंच सांगतं की तू चुकलास.

तुला आठवतं का, जून 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असं वाचन दिलं होतं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता? विधानसभेत गाजलं ते. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. त्या शांतपणे सांगत राहिल्या की बोलायचं एका क्रमानं आणि लिहायचं दुसऱ्या, यात लहान मुलं गोंधळतात. कानडी, तेलुगूत दशक आधी बोलतात, तिथे हा घोळ होत नाही. लोकांना वाटलं मराठीच बुडवायला निघाल्यात. 2023 मध्ये त्या गेल्या. परवा मातीतलं ते 24 बघताना मला त्यांचीच आठवण झाली. जुनी नावं राहावीतच, मलाही ती प्रिय आहेत. पण पोराला एकदा 'चाळीस नि दोन' म्हणून दाखवायला काय हरकत आहे? मी दाखवलं. त्यानं 24 पायानं पुसलं आणि 42 लिहिलं.

म्हणून सांगते, अ‍ॅप निवडताना चित्रं किती रंगीत, तारे किती मिळतात, खाली किती लोकांनी वाखाणलंय, हे बघू नकोस. स्वतः खेळायला बस आणि मुद्दाम चूक. चुकल्यावर ते काय करतं ते बघ. नुसती फुली मारून पुढे पळत असेल तर काढून टाक. सात ओळींत सहा-सहा ठिपके मांडून दाखवत असेल, आणि चुकलेला गुणाकार थोड्या वेळानं पुन्हा विचारत असेल, तर ठेव. कुठले गुणाकार चुकले ते शेवटी तुला दाखवत असेल तर फारच उत्तम, कारण खरी माहिती तीच. एकूण गुणांवरून काही कळत नाही. उत्तर आकडे दाबून द्यायचं असावं. चार पर्यायांतून निवडायचं असलं की पोरं अंदाजानं ठोकतात आणि चारातलं एक लागतंही. आणि घड्याळ बंद करता आलं पाहिजे. टिकटिक सुरू झाली की येत असलेलंही विसरतं पोर. वेग नंतर आपोआप येतो गं.

पाढे निवडता येतात का, हेही बघ. सगळे एकदम नकोतच. हिशेब करून बघ ना: दोन ते नऊच्या पाढ्यांत दोनापासून नऊपर्यंतचे गुणाकार धरले तर 64 होतात. सात त्रिक आणि तीन साती एकच, हे कळलं की उरतात 36. दोन आणि पाचाचे पोरांना लवकर येतात, ते काढले की 21. नवाचा बोटांवर येतो, तोही काढला की उरतात फक्त 15. त्याच्या मानगुटीवर बसलेलं भूत एवढंच आहे, 15 गुणाकारांचं. रोज दोन घेतले तरी आठ दिवसांत एकदा फिरून होतात.

नवाचं बोटांवर कसं, विसरली असशील. दहा बोटं पसरायची. नव साती हवं तर डावीकडून सातवं मिटायचं. मिटलेल्याच्या डावीकडे सहा, उजवीकडे तीन. 63. यात दशक डावीकडे आपोआप येतं, म्हणजे त्याचा लिहिण्याचा घोळही सुटायला मदत होते. आणि सात त्रिक म्हणजेच तीन साती, हे फोननं नको दाखवूस. ताटात चिंचोक्यांच्या तीन ओळी मांड, सात-सातच्या. मग ताट आडवं फिरव. चिंचोके तेच, ओळी झाल्या सात. हे एकदा हातानं केलं की विसरत नाही पोर.

आता आपल्याकडची अडचण. फोन भावोजींचा, रेंज कधी ओट्यावर तर कधी थेट टेकाडावर. तेव्हा अ‍ॅप घेतलंस की फोन विमान मोडवर टाक आणि उघडून बघ. चाललं तर आपल्या कामाचं. प्ले स्टोअरवर नावाखालीच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, जाहिराती आहेत का, आत पैसे लागतात का. ते वाच. पाढ्यांच्या अ‍ॅपनं तुमचे फोन नंबर नाहीतर ठिकाण मागितलं तर सरळ नाही म्हण. गुणाकाराला ते कशाला हवंय? दीक्षा अ‍ॅप सरकारचं आहे, फुकट आहे. पुस्तकातल्या चौकोनी कोडवर फोन धरला की त्या धड्याचं साहित्य उघडतं, रेंज असताना उतरवून ठेवता येतं. समजून घ्यायला ते चांगलं, रोजच्या सरावाला मात्र दुसरं शोधावं लागेल.

आणि कुणी मोखाड्याच्या बाजारात हप्त्यावर टॅब आणि वर्षभराचा अभ्यास विकायला आलं, तर कशावरही सही करू नकोस. आमच्या शेजारणीनं केली होती. पोरानं महिन्यात बघणं सोडलं, हप्ते मात्र खात्यातून जातच राहिले. डिसेंबर 2021 मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानंही पालकांना सावध केलं होतं की असे पैसे आपोआप कापून घेण्याची परवानगी देऊ नका.

दिवाळीनंतर तुम्ही जगायला भिवंडीकडे वीटभट्टीवर जाणार, पोरालाही नेणार म्हणतेस. त्याला आजीपाशी ठेव, शाळा तोडू नकोस, हे मी परत सांगणारच. पण न्यावंच लागलं तर ते अ‍ॅप विनारेंजचं असू दे. आपल्याच जिल्ह्यात, कोसबाडला, अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली होती. पोरं शाळेत येईनात तर शाळाच कुरणात गेली. फोन तेवढं काही करू शकत नाही. पोराच्या शेजारी कुणीतरी बसावं लागतं. संध्याकाळी दहा मिनिटं, तू भाकरी थापताना, तो म्हणेल आणि तू ऐकशील. तुला पाढे येत नाहीत म्हणून लाजू नकोस. "चुलीपुढे विटा मांड, चार ओळी, सहा-सहाच्या, किती झाल्या?" एवढं तर विचारशील ना?

ते परवाचं अ‍ॅप मी काढून टाकलंय, रागावू नकोस. रविवारी येते, दुसरं आपण दोघी मिळून बघू, आधी मी चुकेन, मग तू. फोन चार्ज करून ठेव. चिंचोके मी आणते.