अग्निबाणाच्या उदरातील विद्या

आपला मुलगा अग्निबाण बनविणार आहे हे कानी पडताच ज्या पालकांच्या नजरेसमोर प्रथम भाजलेले हात आणि पाठोपाठ पोलीस ठाणे उभे राहते, त्यांची भीती अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. स्फोटक द्रव्यांचा कायदा 1884 सालचा असून त्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. तेव्हा इंधनाचे काम रीतसर परवाना असलेल्या संस्थेवर सोपवावे, घरी त्याचा उद्योग मुळीच करू नये, हे निर्विवाद. परंतु ज्या विद्येवर पुढे चरितार्थ चालण्याचा संभव अधिक, ती विद्या त्या काही सेकंदांच्या ज्वाळेत नसून बाणाच्या उदरातील पेलोडमध्ये आहे, आणि तेथे दारूचा कणही लागत नाही.

वायुदाब आणि त्वरण मोजणारे दोन संवेदक, एक मायक्रोकंट्रोलर, एक मेमरी कार्ड आणि बॅटरी, एवढाच हा सरंजाम. जमिनीपासून साधारण 8 मीटर चढले की हवेचा दाब 1 हेक्टोपास्कलने उतरतो. उतरता उतरता तो थांबून वाढू लागला की बाणाने शिखर गाठले असे समजावयाचे. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात मात्र उड्डाणाच्या धक्क्यासरशी, त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या दहापट झाले असता, 50 ग्रॅमची बॅटरी अर्ध्या किलोहून अधिक भाराने आपल्या स्प्रिंगवर रेलते, दुसऱ्या टोकाचा संपर्क निमिषमात्र सुटतो, मायक्रोकंट्रोलर पुनश्च आरंभापासून चालू होतो, आणि चढत्या बाणात बसून आपण जमिनीवरच आहोत अशी प्रामाणिक समजूत करून घेतो! म्हणून तारा थेट सोल्डर करून बॅटरी पट्ट्याने जखडावी, हे शहाणपण पाठ्यपुस्तकातून क्वचितच लाभते. वायुदाबासाठी नळकांड्याला समान अंतरावर तीन-चार छिद्रे पाडावी लागतात. एकच पाडले तर वारा ज्या बाजूने लागेल तसा आकडा फिरतो. पूर्वपरीक्षेसाठी मैदान नको की परवाना नको: इमारतीच्या लिफ्टमध्ये पेलोड घेऊन चढावे आणि मजल्यागणिक दाब उतरतो की नाही ते पाहावे.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी घडविलेला, सुमारे 1 किलो वजनाचा ‘स्वयम्’ उपग्रह 22 जून 2016 रोजी श्रीहरिकोट्याहून अंतराळात गेला, आणि त्याच वर्षी मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ही गेला. पण आयआयटीवाचून इस्रोचे दार उघडत नाही, ही पालकवर्गात रूढ झालेली समजूत चुकीची आहे: आयटीआय झालेल्यास तंत्रज्ञाच्या आणि प्रथम वर्गातील पदविकाधारकास तांत्रिक साहाय्यकाच्या जागेसाठी जाहिरातीबरहुकूम अर्ज करता येतो. बारावीनंतर तिरुवनंतपुरमची अंतराळविज्ञान संस्था आहे, तिच्या अभियांत्रिकी पदवीसाठी जेईई अॅडव्हान्स्ड द्यावी लागते. शिवाय मोटारी, वैद्यकीय उपकरणे, विजेचे मीटर यांच्या कारखान्यांनाही हीच विद्या हवी असते.

तूर्त पालकांनी एक बरेसे सोल्डरिंग आयर्न व मल्टिमीटर आणून द्यावा, लिथियम बॅटरी चार्ज होत असता मुलांनी खोली सोडून जाऊ नये अशी ताकीद द्यावी, आणि सोल्डरच्या धुरासाठी खिडकी उघडी ठेवावी.