नागपूरचा माठ, डोंबिवलीची गॅलरी

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून फिरताना थर्मोकोलचे ज्वालामुखी इतके पाहिलेत, की हल्ली लांबूनच ओळखतो. मॉडेलशेजारी उभ्या मुलाला ‘हेच का निवडलंस?’ विचारलं, की पाठ केलेलं भाषण सुरू होतं. अडकला की तो बाबांकडे बघतो. बाबा घामाघूम!

पालकांचा फोनही ठरलेला, “सर, एखादं चांगलं मॉडेल सुचवा ना.” मी मॉडेल सुचवत नाही. मूल घरी कशावरून भंडावून सोडतं, ते विचारतो. सातवीतल्या एका मुलीची आई ओशाळून म्हणाली, “आजीकडे नागपूरला माठातलं पाणी गार असतं, आपल्या डोंबिवलीत का नाही, म्हणून डोकं खाते.” झाला की प्रकल्प!

पाझरलेलं पाणी वाळताना आतली उष्णता घेऊन जातं, दमट हवेत ते फारसं वाळत नाही. एवढं पुस्तकात आहे. पण आपल्या गॅलरीत किती? दोन सारखे छोटे माठ आणायचे, एकाला बाहेरून ऑइलपेंट फासायचा, म्हणजे तो पाझरणार नाही. पेंट वाळला की दोन्हीत लिटरभर पाणी भरून शेजारी-शेजारी ठेवायचे. दर दोन तासांनी तापमान घ्यायचं आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचं, तेही खालच्या ताटलीसकट, नाहीतर ठिबकलेलं पाणी उडालेल्यात धरलं जातं. ताप मोजायचा थर्मामीटर इथे कुचकामी, तो ३५ अंशांपासून सुरू होतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला मागून घ्या. १० ग्रॅम पाणी उडालं, तर हिशेबाने लिटरभर पाणी जवळपास ६ अंशांनी गार व्हायला हवं. तेवढं होत नाही. बाहेरची उष्णता आत येत राहते, माठाची मातीही गार व्हावी लागते. या तफावतीवर मुलगी परीक्षकांशी पाठांतराशिवाय दहा मिनिटं बोलते.

वही मात्र तिचीच हवी, खाडाखोडीसकट. आईने सुवाच्य अक्षरात उतरवलेली वही आम्हाला लगेच कळते.

स्पर्धांचं म्हणाल तर इन्स्पायर-मानकसाठी नाव शाळेमार्फत जातं. कल्पना निवडली गेली, तर १०,००० रुपये मुलाच्या खात्यात येतात. १९९३ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत १० ते १७ वयाची मुलं भाग घेतात, आणि तिथे परिसरातल्या प्रश्नालाच मान.

‘पण पुढे उपयोग काय?’ प्रदर्शनाच्या प्रमाणपत्रावर इंजिनिअरिंगची सीट मिळत नाही, हे स्पष्ट सांगतो. मात्र चौथ्या दिवशी सहा वाजताची नोंद घ्यायला मूल आपणहून उठतं की हाका माराव्या लागतात, हे घरबसल्या कळतं. दहावीनंतर सायन्स घ्यायचं का, याचा विचार करताना मला ही खूण टक्क्यांइतकीच महत्त्वाची वाटते.

त्या मुलीच्या वहीत तिसऱ्या दिवशी दोन्ही माठांचं तापमान जवळजवळ सारखंच होतं. आईला वाटलं, दिवस फुकट गेला. मुलीने समासात लिहिलं होतं, ‘काल रात्रभर पाऊस.’