जुन्या लिंकांचं काय?

चि. निखिल,


काल ताईचा फोन आला. वाचनालयाच्या साइटचे सगळे यूआरएल तू बदलतोयस, शुक्रवारी रात्री लाइव्ह करणार आहेस आणि जेवणाखाण्याची शुद्ध नाही. जेवणाचं नंतर बघतो. आधी सांग, जुन्या लिंकांचं काय? दिवाळी अंकांवर लिहिणाऱ्यांनी त्या तळटिपांत छापल्यात. छापलेलं कोण दुरुस्त करणार? चांगला यूआरएल बदलत नसतो, हे टिम बर्नर्स-लीने १९९८ मध्येच बजावलंय.

ग्रुपवरचा तुझा स्क्रीनशॉट पाहिला. अरे, जँगो पॅटर्नची यादी वरून खाली तपासतो. पहिला जुळला की पुढे बघत नाही. कुठल्याही शब्दाला जुळणारा पॅटर्न तू सगळ्यात वर ठेवलास, मग लॉगिन कसं उघडेल? त्याची जागा शेवटी.

मराठी स्लगचा हट्ट मात्र मला आवडला. पण पायथनचं रेग्युलर एक्स्प्रेशन काना-वेलांटीला अक्षर मानत नाही. युनिकोड चालू ठेवलंस तरी जँगोचं स्लगिफाय ‘दिवाळी’चं ‘दवळ’ करून ठेवतं! नीट स्लग बनवलास, तरी लिंक कॉपी करताना तोच शब्द टक्क्यांच्या चिन्हांसकट ५४ अक्षरांचा होऊ शकतो. म्हणून यूआरएलमध्ये अंकाचा आयडीही ठेव आणि पान त्यावरूनच शोध. स्लग तुटला तरी वाचक पोचेल.

पण पुन्हा तेच विचारतो, जुन्या लिंका? एकूणएक लिंक ३०१ने नव्या पानावर पाठव. आधी ३०२ लावून तपास. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो, चुकला तर निस्तरणं जड जातं. साइटच्या होमपेजवर सगळ्यांना ढकलू नकोस, तो आळशीपणा झाला.

जास्त बोललो असेन. तुझ्या वयात मीही सर्व्हरपाशी रात्री काढल्या. अण्णांच्या शेवटच्या दिवाळीलाही घरी गेलो नाही. ज्या साइटसाठी थांबलो, ती कधीच बंद पडली. ताई ते विसरलेली नाही, म्हणून तुझ्या जागरणांना घाबरते. तुझ्या कामात खोट काढावी असं फारसं नाही, हे मी तिला सांगितलंय.

शुक्रवारचं सोमवारवर ढकल. शनिवारी इकडे ये, मामी भरली वांगी करणार आहे. लॅपटॉप आण, जुन्या लिंकांची यादी दोघं बसून करू. आणि आज रात्री ताईला फोन कर.

तुझा,
मामा