खेळाचा संगणक : जोडावा की तयार घ्यावा?

तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

संगणकासारखा विषय कला शाखेच्या विद्यार्थिनीने लेखासाठी निवडावा, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु २०२५ च्या मे महिन्यात आमच्या चिपळूणच्या घरी जो प्रश्न उभा राहिला, तो वरकरणी यंत्राचा दिसला तरी मुळात अर्थशास्त्राचा होता, असे माझे मत झाले आहे. धाकट्या भावाची बारावीची परीक्षा आटोपली होती. त्याला संगणक हवा होता. ॲनिमेशन शिकण्यासाठी हवा, असे तो बाबांना सांगे, आणि खेळण्यासाठी हवा, असे मला. (अभ्यासाच्या नावाने खेळाचा संगणक घरात येतो, हे वाचकांस सांगावयास नको.) आईची भिशी त्याच महिन्यात लागली होती. तिचे पन्नास हजार आणि बाबांनी घातलेले पस्तीस हजार, एवढी मर्यादा. त्यापुढे एक रुपयाही मिळणार नव्हता.

भावाचे म्हणणे असे की, सुटे भाग आणून आपण घरीच जोडू, दहा-पंधरा हजार सहज वाचतील. बाबांचे म्हणणे एकाच वाक्याचे होते : "बिघडला तर धरायचे कोणाला?" निवाडा करण्याचे काम, मी अर्थशास्त्र घेतले आहे एवढ्याच कारणावरून, माझ्याकडे आले.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. घरी संगणक 'तयार करणे' हा शब्दप्रयोग फसवा आहे. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड हे सारे कारखान्यांतूनच येते. घरी होते ती केवळ जुळणी : काही खाचा, डझनभर वायरी आणि वीस-पंचवीस स्क्रू. ही जुळणी सामान्य माणसाला शक्य का झाली, याला इतिहास आहे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आणला. आयबीएमची परंपरा सर्व काही स्वतः बनविण्याची. परंतु या वेळी घाई होती. म्हणून फ्लॉरिडातील बोका रॅटोन येथील तुकडीने प्रोसेसर इंटेलचा घेतला, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टकडून घेतली, आणि यंत्राचे आराखडे पुस्तकरूपाने प्रसिद्धही केले. म्हणजे जगातील सर्वांत मोठ्या संगणक कंपनीनेच 'बनवावे की विकत घ्यावे' या प्रश्नाचे उत्तर 'विकत घ्यावे' असे दिले! दोनच वर्षांत कॉम्पॅक कंपनीने तसलेच यंत्र विकावयास काढले आणि सुट्या भागांची बाजारपेठ उभी राहिली. पुढे १९९५ मध्ये इंटेलने 'एटीएक्स' हा मापदंड ठरविला. मदरबोर्ड किती लांबी-रुंदीचा, त्याचे स्क्रू कोठे, वीज कोणत्या जोडणीने यावी, हे त्यात निश्चित झाले. एका कंपनीच्या पेटीत दुसरीचा मदरबोर्ड बसतो तो यामुळे.

तेव्हा आमचा प्रश्न 'बनवावे की घ्यावे' असा नव्हताच. भाग निवडण्याचे कष्ट आणि न जुळल्यास होणारे नुकसान कोणी सोसावयाचे, एवढाच तो होता.

खेळासाठी लागणारा संगणक आणि कार्यालयातील संगणक यांत मुख्य भेद ग्राफिक्स कार्डाचा. पडद्यावरील चित्र ठिपक्यांचे असते. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके होतात. ज्यास 'फोर के' म्हणतात त्या पडद्यावर ८२,९४,४००, म्हणजे बरोबर चौपट. सेकंदाला साठ चित्रे दाखवावयाची तर प्रत्येक चित्र रंगविण्यास सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ चित्रे हवी असल्यास सातही मिळत नाहीत. हे काम कार्ड करते, आणि म्हणूनच एकूण खर्चातील सर्वांत मोठा वाटा त्याचा असतो. परंतु येथेच माणूस फसतो. आमच्या घरी आधीचा मॉनिटर होता, १९२० गुणिले १०८० चा आणि साठ हर्ट्झचा. त्यापुढे चाळीस हजारांचे कार्ड ठेवणे म्हणजे बैलगाडीला मोटारीचे इंजिन बसविणे. भावाच्या यादीतील कार्ड मी दोन पायऱ्या खाली आणले. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

आता तयार संगणकाकडे वळू. आमच्याच गावातील एका दुकानातून कोटेशन आणले : ८४,००० रुपये, विंडोजच्या परवान्यासह. कागदावर प्रोसेसरचे संपूर्ण नाव होते, कार्डाचेही होते. रॅमपुढे '१६ जीबी' एवढेच. मदरबोर्डपुढे 'सुयोग्य'. आणि एसएमपीएस, म्हणजे भिंतीतील वीज संगणकाला मानवेल अशी करून देणारी पेटी, तिच्यापुढे नुसते '५०० वॅट'. कोणत्या कंपनीची, असे विचारले तर "चांगलीच असते हो" असे उत्तर मिळाले.

हे कोटेशन वाचताना मला जॉर्ज ॲकरलॉफ यांच्या १९७० च्या निबंधाची आठवण झाली. जुन्या मोटारींच्या बाजारात विकणाऱ्यास गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्यास नसतात. त्यामुळे घेणारा सरासरी मालाचीच किंमत देऊ करतो, ती चांगली गाडी विकणाऱ्यास परवडत नाही, आणि बाजारात खराब गाड्या उरतात. या विवेचनासाठी त्यांना २००१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तयार संगणकाच्या जाहिरातीत जे भाग ठळक छापतात ते बहुधा चांगले असतात, कारण गिऱ्हाईक तेच पाहते. काटकसर होते ती न छापलेल्या भागांत. एसएमपीएस हलका असला तर पहिले सहा महिने काहीच कळत नाही. कळते ते तो जळताना, आणि कधी कधी तो शेजारच्या भागांनाही घेऊन जातो. कोकणात पावसाळ्यात वीज कशी जाते-येते, हे येथील वाचकांस ठाऊक आहेच. 'एटी प्लस' हे प्रमाणपत्र असले की झाले, असे पुष्कळांना वाटते. परंतु ते प्रमाणपत्र, वीस, पन्नास आणि शंभर टक्के भारावर भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किमान ऐंशी टक्के आत पोचते, एवढेच सांगते. टिकाऊपणाची हमी त्यात नाही.

रॅमचेही तसेच. सोळा जीबीची एकच पट्टी घालणे दुकानदारास सोयीचे पडते. परंतु आठ-आठच्या दोन पट्ट्या घातल्या तर प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते आणि खेळ अधिक सुरळीत चालतो. कोटेशनवर दोन्ही '१६ जीबी' च. (या दोन पट्ट्यांचे महत्त्व पुढे निराळ्याच रीतीने कळले.)

येथवरचे विवेचन भावाच्या बाजूचे झाले. बाबांच्या बाजूने रोनाल्ड कोस उभे राहतात. त्यांनी १९३७ मध्ये विचारलेला प्रश्न आपण वर्गात शिकतो : बाजारात सर्व काही किमतीने मिळत असताना कंपन्या का असतात? त्यांचे उत्तर असे की, बाजार वापरण्यालाही खर्च येतो. भाव शोधणे, घासाघीस करणे, करार पार पाडून घेणे, हे फुकट होत नाही. तयार संगणकावरील नफा म्हणजे हा खर्च आपल्या वतीने दुसऱ्याने केल्याचे मोल होय. भावाने तीन आठवडे रोज रात्री व्हिडिओ पाहिले. अमुक प्रोसेसर अमुक मदरबोर्डवर बसतो का, मदरबोर्डवरील खाच डीडीआर४ ची की डीडीआर५ ची (एकीत दुसरी बसत नाही), कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावते का, याची त्याने वही भरली. सुट्टीतील विद्यार्थ्याच्या वेळेला बाजारात फारसा भाव नाही, म्हणून हे परवडले. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासणाऱ्या आमच्या प्राध्यापकांना ते परवडेल असे वाटत नाही. त्यांनी आणि ज्यांच्या घरात पेटी उघडण्याची कोणालाच हौस नाही त्यांनी भागांची नावे लिहून देणाऱ्या दुकानातून तयार संगणक घ्यावा, हे मी निःसंकोचपणे सांगेन. शिवाय काळही पाहावा लागतो. २०२१ मध्ये कार्डांची टंचाई होती, इथेरियम या आभासी चलनासाठी लोक ती डझनांनी उचलीत होते. तेव्हा सुटे कार्ड शोधण्यापेक्षा कार्डासह तयार संगणक घेणे पुष्कळदा स्वस्त पडे. कराचा मात्र फरक नाही. सुट्या भागांवरही अठरा टक्के, तयार संगणकावरही अठराच.

तरीही बाबांचा प्रश्न शिल्लक राहिलाच. तयार संगणक बंद पडला तर संपूर्ण पेटी दुकानात नेऊन द्यावयाची. घरी जोडलेला सुरूच झाला नाही तर? सात भागांपैकी दोषी कोणता, हे ओळखण्याचा खात्रीचा उपाय एकच, तो भाग बदलून पाहणे. आणि बदलावयास दुसरा भाग घरात नसतो. तो दुकानात असतो. हे ध्यानात आल्यावर मला मार्ग सापडला. भाग घेतो त्याच दुकानात, टेबलावर उघडेच जोडून, सुरू करून पाहावे. मग घरी आणून कॅबिनेटमध्ये बसवावे. म्हणजे भाग चांगले आहेत याची खात्री पटलेली असेल, आणि घरी काही चुकले तर ते आपल्या हातून चुकले असेल.

त्याप्रमाणे आम्ही दोघे डोंबिवलीस मामांकडे उतरलो आणि दुसऱ्या दिवशी ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर गेलो. या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते विचारले तर पत्ता सांगणारा माणूस भेटणे कठीण! चार दुकाने फिरून पाचव्यात सर्व भाग एकाच पक्क्या बिलावर मिळाले. तपासणीचे पाचशे रुपये पडले. दुकानातील मुलाने मदरबोर्डवर प्रोसेसर बसविला, रॅम दाबली, कार्ड लावले आणि स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दोन पिनांना टेकवून यंत्र चालू केले. पडद्यावर अक्षरे उमटली. भावाने बिलावरील प्रत्येक क्रमांक खोक्यावरील क्रमांकाशी ताडून पाहिला.

घरी जुळणीला सहा तास लागले. रात्री अकरा वाजता बटण दाबले. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळाच. भावाचा चेहरा पाहवत नव्हता. आई काही बोलली नाही, पण ती झोपावयासही गेली नाही. त्याने रॅम काढून पुन्हा बसविली, प्रोसेसरची आठ पिनांची वायर तपासली. शेवटी बाबा मागे वाकून म्हणाले, "अरे, ही मॉनिटरची वायर लावायला इथे दोन जागा दिसतात." वायर मदरबोर्डच्या खाचेत होती, कार्डाच्या खाचेत हवी होती. आम्ही घेतलेल्या प्रोसेसरमध्ये स्वतःची चित्रयंत्रणा नव्हती, तेव्हा मदरबोर्डच्या खाचेतून काही दिसणे शक्यच नव्हते. दुकानात चाचणी झाली नसती तर ती रात्र आम्ही कार्डाला दोष देत काढली असती.

आता हिशेब. भागांचे ७१,३०० झाले. विंडोजचा परवाना, प्रवास आणि तपासणी मिळून १०,९००. एकूण ८२,२००. म्हणजे दहा-पंधरा हजारांच्या जागी वाचले अठराशे! भाव हा हिशेब मान्य करीत नाही. प्रवासात मामांची भेट झाली, ती वजा करावी, असे तो म्हणतो. त्याच्या मते हा संगणक लाखाचा आहे. नॉर्टन, मोचोन आणि ॲरिएली या तिघा संशोधकांचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. स्वतः जोडलेल्या साध्या खोक्याला लोक तयार खोक्यापेक्षा दीडपटीहून अधिक किंमत देऊ करतात, असे त्यात दिसले. मात्र काम अर्धवट राहिले तर ही माया निर्माण होत नाही. पडदा काळा असताना भावाला तो संगणक विकावयाचाच होता, हे मी स्वतः ऐकले आहे.

अठराशे रुपयांसाठी एवढा खटाटोप करू नये. आम्हाला मिळाले ते निराळे : नावाचा एसएमपीएस, दोन पट्ट्यांची रॅम, आणि प्रत्येक भागाची स्वतंत्र वॉरंटी. संगणक टेबलावर ठेवला आहे. जुलै २०२१ च्या पुरापासून आमच्याकडे विजेची वस्तू जमिनीवर ठेवीत नाहीत.

ऑगस्टमध्ये तो खेळता खेळता एकाएकी बंद पडू लागला. भावाने पेटी उघडली, रॅमची एक पट्टी काढून पाहिले, मग ती घालून दुसरी काढून पाहिले. अर्ध्या तासात दोषी पट्टी हाती आली. ती वॉरंटीखाली कुरियरने गेली आणि बदलून येईपर्यंत एकोणीस दिवस संगणक उरलेल्या एका पट्टीवर, थोडा मंद का होईना, चालत राहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मेमरी उचलल्यामुळे रॅमचे भाव भडकले, डिसेंबरात मायक्रॉन कंपनीने आपली ग्राहकांसाठीची 'क्रुशल' ही मालिका बंद करण्याचे जाहीर केले, आणि आम्ही मेमध्ये घेतलेल्या जोडीला दुप्पट पैसे पडू लागले. ते आमच्या हिशेबात कोठेच नव्हते. केवळ दैवाने वाचलो. बाबांनी कुरियरची पावती पक्क्या बिलाला टाचणीने लावून फायलीत ठेवली आहे.